पृथ्वीच्या चुंबकातून वीज मिळेल काय?

होकायंत्राची लहानशी डबी तळहातावर घ्यावी, ती हवी तशी फिरवावी आणि मग हात स्थिर धरावा. आतील सुई क्षणभर थरथरते, इकडून तिकडे चार झोके घेते आणि अखेरीस उत्तर-दक्षिण दिशा धरून निश्चल होते. डबी पुन्हा फिरविली, तर सुई पुन्हा तीच दिशा शोधते. तिला कोणी किल्ली दिलेली नसते, की डबीत विजेचा घटही ठेवलेला नसतो. रात्र असो वा दिवस, समुद्र असो वा अरण्य, तिचे हे काम अखंड चालू असते. हे पाहून चौकस मुलाच्या मनात सहजच एक प्रश्न उभा राहतो. सुईला हलविणारी ही शक्ती जर सर्वत्र आहे, कधी थकत नाही आणि तिच्याबद्दल कोणाला काही द्यावेही लागत नाही, तर तिच्यावर घरातला दिवा का लावू नये? शेतावरचा पंप का चालवू नये?

हा प्रश्न पोरकट नव्हे. थोर थोर शास्त्रज्ञांनी त्याच्याशी झुंज घेतली आहे. शिवाय त्याचे उत्तर ठाऊक असणे व्यवहारातही उपयोगाचे आहे. इंधनावाचून, केवळ चुंबकांच्या बळावर वीज देणारे यंत्र आपण बनविले आहे, असे सांगणारे लोक आजही भेटतात. आणि त्यांच्या बोलण्यावर विसंबून पदरचे पैसे घालविणारेही भेटतात. खरे काय आणि खोटे काय, हे ज्याला स्वतः पारखून घेता येते तो अशा वेळी फसत नाही. म्हणून ह्या प्रश्नाचा विचार मुळापासून करणे इष्ट आहे.

पृथ्वी हाच एक प्रचंड लोहचुंबक आहे, ही गोष्ट इ. स. १६०० मध्ये विल्यम गिल्बर्ट ह्या इंग्रज वैद्याने आपल्या ग्रंथात साधार मांडली. त्याने चुंबकदगडाचा एक गोळा घडविला, त्यावर बारीक चुंबकसूची ठिकठिकाणी ठेवून पाहिली आणि पृथ्वीवर होकायंत्राची सुई जशी वागते, तशीच ती ह्या गोळ्यावरही वागते असे दाखविले. त्या गोळ्याला त्याने ‘लहानशी पृथ्वी’ असे अर्थपूर्ण नाव दिले होते. पृथ्वीच्या पोटात चुंबकाची कांब पुरलेली नाही, हे आज आपल्याला ठाऊक आहे. सुमारे २,९०० किलोमीटर खोलीवर वितळलेल्या लोखंडाचा विशाल थर आहे. तो सतत घुसळला जात असतो. त्या हालचालीमुळे तेथे विद्युत्प्रवाह वाहतात आणि त्या प्रवाहांमुळे पृथ्वीभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते.

गिल्बर्टच्या आधी, इ. स. १५८१ मध्ये, लंडनमधील रॉबर्ट नॉर्मन नावाच्या एका होकायंत्रे बनविणाऱ्या कारागिराने एक साधा परंतु मार्मिक प्रयोग लिहून ठेवला होता. त्याने चुंबकसूची बुचाच्या तुकड्यात खोवून पाण्यात तरंगत ठेवली. सुई वळली आणि उत्तर-दक्षिण झाली; पण ती पाण्यावरून उत्तरेच्या काठाकडे सरकत गेली नाही. ह्याचे कारण असे की, सुईच्या एका टोकाला पृथ्वीचे क्षेत्र जेवढ्या जोराने एका दिशेस ओढते, तेवढ्याच जोराने ते दुसऱ्या टोकाला विरुद्ध दिशेस ओढते. त्यामुळे सुई वळते; पण तिचे स्थलांतर होत नाही.

आता ह्या वळण्यातून काही काम करवून घेता येईल काय? सुई वळताना ती अगदी अल्पसे काम करू शकते, हे खरे आहे. पण एकदा उत्तर-दक्षिण झाली की ती थांबते. तिच्याकडून पुन्हा तेच काम करवून घ्यावयाचे, तर आधी तिला बोटाने आडवी वळविली पाहिजे. आणि तिला वळविताना बोटाला तेवढेच श्रम पडतात. विहिरीवरील रहाटाचे उदाहरण घ्या. भरलेली बादली हातून निसटून विहिरीत पडू लागली, की रहाट गरगर फिरतो. तेवढ्यापुरते वाटते की, रहाट आपोआप फिरतो आहे. पण बादली तळाशी गेली की तो थांबतो, आणि त्याला पुन्हा तसाच फिरवावयाचा असेल, तर बादली आधी वर ओढून घ्यावी लागते. बादली पडताना जे मिळते, त्याची फेड ती चढविताना करावी लागते. वर दोरी आणि रहाट ह्यांच्या घर्षणात थोडे वाया जाते ते निराळेच.

ही फेड टाळण्याची धडपड माणूस फार प्राचीन काळापासून करीत आला आहे. आपल्या देशात भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ह्या ग्रंथात पारा भरलेल्या पोकळ आऱ्यांच्या, आपोआप फिरणाऱ्या चाकाचे वर्णन केले. युरोपात इ. स. १२६९ मध्ये पेरेग्रिनस नावाच्या फ्रेंच विद्वानाने चुंबकाच्या बळावर अखंड फिरणाऱ्या चाकाची कल्पना मांडली. पुढे अशा चाकांचे शेकडो आराखडे निघाले. एकही चाक सतत फिरत राहिले नाही. चुंबक जवळ येणाऱ्या लोखंडाला जेवढे ओढून घेतो, तेवढेच दूर जाणाऱ्या लोखंडाला अडवूनही धरतो, हे त्या सर्व कल्पकांच्या ध्यानातून सुटत होते. अखेर इ. स. १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने असे ठरविले की, ह्यापुढे आपोआप चालणाऱ्या यंत्रांचे प्रस्ताव तपासावयाचेच नाहीत.

परंतु ह्यावरून प्रश्न संपला असे मात्र नाही. चुंबकापासून वीज मिळविण्याचा एक खरा मार्ग आहे, आणि तो दाखवून देणारा पुरुष म्हणजे मायकेल फॅरडे होय. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या ह्या माणसाला शाळेचे शिक्षण फारसे लाभले नव्हते. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचता त्याला विज्ञानाची गोडी लागली. इ. स. १८३१ मध्ये त्याने दाखविले की, तारेच्या वेटोळ्यात चुंबक आत-बाहेर हलविला, तर तारेतून विद्युत्प्रवाह वाहतो. चुंबक नुसता आत ठेवून दिला तर काहीच घडत नाही. चुंबक हलला पाहिजे, तार हलली पाहिजे किंवा चुंबकीय क्षेत्र स्वतः कमीजास्त झाले पाहिजे. आज जगातील बहुतेक वीजकेंद्रांतील जनित्रे ह्याच तत्त्वावर चालतात.

हा शोध लागताच फॅरडेच्या मनात पुढचा विचार आला. पृथ्वी हा जर चुंबकच आहे, तर तिच्या क्षेत्रात हलणाऱ्या प्रत्येक धातूत, किंबहुना वाहत्या पाण्यातही, वीज निर्माण झाली पाहिजे. नदीचे खारवट पाणी हा विजेचा वाहक आहे आणि ते रात्रंदिवस पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहत असते. मग प्रत्येक मोठी नदी हे एक नैसर्गिक जनित्रच नव्हे काय? इ. स. १८३२ च्या जानेवारीत त्याने ही गोष्ट प्रत्यक्ष पडताळून पाहण्याचे ठरविले. लंडनमध्ये थेम्स नदीवर वॉटर्लू नावाचा पूल आहे. त्या पुलाच्या कठड्यावरून त्याने ९६० फूट लांब तांब्याची तार ताणली. तिच्या दोन्ही टोकांना धातूचे रुंद पत्रे जोडून ते नदीच्या पाण्यात सोडले. भरतीओहोटीबरोबर थेम्सचे पाणी कधी वर चढत होते, कधी खाली उतरत होते. तारेला जोडलेल्या उपकरणाच्या सुईकडे फॅरडेने डोळे लावले होते.

सुई हलली. पण ती कधी इकडे तर कधी तिकडे, कसलाही नियम न पाळता हलत राहिली. दुसरा एखादा माणूस एवढ्यावरच आनंदाने नाचला असता आणि नदीतून वीज काढल्याची द्वाही त्याने गावभर फिरविली असती. फॅरडेने तसे केले नाही. सुई खरोखर कशामुळे हलते, ह्याचा तो शोध घेऊ लागला. तेव्हा त्याच्या असे ध्यानात आले की, नदीच्या दोन बाजूंचे पाणी सारखे स्वच्छ नाही, त्याचे तापमानही सारखे नाही, दोन्ही पत्रे हुबेहूब एकसारखे नाहीत आणि तारांचे सांधेही एकसारखे जुळलेले नाहीत. ह्या प्रत्येक फरकामुळे थोडी थोडी वीज निर्माण होत होती, आणि जी वीज तो शोधत होता ती ह्या गोंधळात पार बुडून गेली होती. आपला प्रयोग फसला, हे त्याने आपल्या निबंधात मोकळेपणाने लिहिले. त्याचे तत्त्व मात्र चुकीचे नव्हते. ते खरे ठरले, पण निराळ्या रीतीने. ती हकीकत पुढे येईल.

फॅरडेचा प्रयोग का फसला, हे थोडा हिशेब केल्यावर कळते. चुंबकीय क्षेत्राची तीव्रता मोजण्याच्या एककाला टेस्ला असे म्हणतात. मोठ्या जनित्रातील क्षेत्र सुमारे एक टेस्ला असते. पृथ्वीचे क्षेत्र तिच्या पृष्ठभागावर एका टेस्लाचे सुमारे २५ ते ६५ दशलक्षांश एवढेच असते. महाराष्ट्रात ते ४० दशलक्षांशांच्या आसपास धरावयास हरकत नाही. म्हणजे जनित्रातील क्षेत्राच्या मानाने ते पंचवीस हजारपट दुबळे झाले. एक मीटर लांबीची तांब्याची कांब सायकलवर आडवी बांधून ताशी १८ किलोमीटर वेगाने नेली, तर ती अगदी सोयीच्या दिशेने धरली तरी तिच्या दोन टोकांमध्ये एका व्होल्टाचे दोन दशसहस्रांश एवढाच विद्युद्दाब निर्माण होतो. हातबत्तीतील साध्या घटाचा दाब दीड व्होल्ट असतो. तेवढा दाब मिळण्यासाठी अशा साडेसात हजार कांबी एकीस एक जोडाव्या लागतील. वॉटर्लूच्या पुलाखाली पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहते असे धरले, तर नदीच्या दोन काठांमध्ये मिळणारा दाब व्होल्टाच्या शंभराव्या हिश्श्याहून किंचित अधिक भरतो. पत्र्यांतील आणि पाण्यातील बारीक फरकांमुळेही तेवढा दाब सहज उत्पन्न होतो.

तर मग कांब लांब घ्यावी आणि वेग वाढवावा, असे कोणी सुचवील. मोठ्या विमानाच्या पंखांची दोन टोके एकमेकांपासून ६० मीटर दूर असतात आणि ते सेकंदाला २५० मीटर वेगाने जाते. जेथे पृथ्वीच्या क्षेत्राचा उभा भाग पुरेसा मोठा आहे, तेथे ह्या पंखांच्या टोकांत अर्ध्या व्होल्टाहून अधिक दाब निर्माण होतो. पण त्यावर विमानातला एक दिवाही लागत नाही! दिवा लावावयाचा तर पंखांच्या टोकांपासून त्याच्यापर्यंत तारा आणल्या पाहिजेत. त्या तारादेखील विमानाबरोबर त्याच वेगाने धावत असतात, आणि त्यांच्यातही तेवढाच दाब उलट बाजूने निर्माण होतो. एकाने दिलेले दुसरा काढून घेतो आणि हाती शून्य उरते. वीज वाहावयाची असेल, तर मंडलाचा एक भाग हलता आणि दुसरा स्थिर असला पाहिजे, किंवा सबंध वेटोळेच क्षेत्रात फिरत राहिले पाहिजे.

वेटोळे फिरवून पाहू. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद अशा चौकटीवर तांब्याच्या तारेचे एक हजार फेरे घेतले, तर त्यास चार किलोमीटर तार लागेल. तिचा छेद एक चौरस मिलिमीटर असेल, तर तिचे वजन ३६ किलोग्रॅमच्या आसपास होईल. हे वेटोळे पृथ्वीच्या क्षेत्रात सेकंदाला पन्नास वेळा फिरविले, म्हणजे त्यात सुमारे बारा व्होल्टांपर्यंत दाब निर्माण होतो. प्रथमदर्शनी ही संख्या आशादायक वाटते. पण तारेचा स्वतःचा विरोध ध्यानात घेतला, तर ह्या अवजड यंत्रातून बाहेर मिळणारी शक्ती एका वॅटाचा तिसरा हिस्साही होत नाही. घरातील साधा एलईडी दिवा नऊ वॅट घेतो. शिवाय त्या चौकटीच्या कडा ताशी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक वेगाने हवा कापीत जातील. तेवढ्या हवेशी झगडण्यात किती तरी पट शक्ती खर्ची पडेल.

हे सर्व सोसले तरी एक मूलभूत अडचण राहतेच. वेटोळे फिरविणार कोण? इ. स. १८३४ मध्ये हाइनरिख लेन्त्स ह्या शास्त्रज्ञाने एक नियम सांगितला. हलणाऱ्या तारेत निर्माण होणारा विद्युत्प्रवाह नेहमी त्या हालचालीलाच विरोध करतो. तारेतून जेवढी वीज घ्यावी, तेवढे वेटोळे फिरविणे जड होत जाते. दिवा लागतो तो पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या खर्चाने नव्हे, तर वेटोळे फिरविणाऱ्या हाताच्या खर्चाने. पुढे इ. स. १८४२ ते १८४७ ह्या काळात मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ ह्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम प्रस्थापित केला. ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही. ती केवळ रूप पालटते, हा त्या नियमाचा आशय आहे.

घरातील जात्याकडे पाहिले म्हणजे ही गोष्ट चटकन उमगते. जात्याला दोन तळ्या असतात. खालची तळी स्थिर असते आणि वरची खुंट्याला धरून फिरवावी लागते. खालची तळी नसेल, तर एक दाणाही भरडला जाणार नाही. म्हणून पीठ खालच्या तळीने दळले, असे कोणी म्हणत नाही. पीठ पडते ते दळणारीच्या मनगटातील बळामुळे. जनित्रातील चुंबक ही अशी खालची तळी आहे. कोयनेच्या वीजकेंद्रात वरची तळी फिरविण्याचे काम उंचावरून कोसळणारे पाणी करते. औष्णिक वीजकेंद्रात ते कोळशाच्या उष्णतेने बनलेली वाफ करते. पृथ्वीचे चुंबकत्व हीही एक विशाल, परंतु फार गुळगुळीत अशी तळी आहे. तिच्यावर दळता येईल, पण खुंटा कोणी तरी फिरविलाच पाहिजे.

ह्याचा अत्यंत भव्य प्रयोग इ. स. १९९६ च्या फेब्रुवारीत अवकाशात झाला. अमेरिका आणि इटली ह्या देशांच्या शास्त्रज्ञांनी कोलंबिया ह्या अवकाशयानातून एक लहानसा उपग्रह लांब विद्युत्वाहक दोरीला बांधून हळूहळू दूर सोडला. यान सेकंदाला साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती फिरत होते, आणि दोरी पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कापीत चालली होती. एवढ्या उंचीवरील विरळ हवेत विद्युत्भारित कण असतात, त्यांच्यामुळे विद्युत्प्रवाहाचे मंडल पुरे होत होते. विमानाला जी परतीची वाट मिळत नाही, ती येथे मिळाली. दोरी १९ किलोमीटरांहून अधिक बाहेर गेली, तेव्हा तिच्या टोकांत सुमारे साडेतीन हजार व्होल्टांचा दाब निर्माण झाला आणि तिच्यातून अर्ध्या अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहिला. इतक्यात, २५ फेब्रुवारी रोजी, दोरी जळून तुटली आणि उपग्रह दूर निघून गेला. दोरीच्या वेष्टनास कोठे तरी इजा झाली होती. तेथे विजेची ठिणगी उडून ती तुटली, असे चौकशीअंती आढळून आले.

ह्या प्रयोगात वीज मिळाली, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. पण ती फुकट नव्हती. दोरीतून प्रवाह वाहू लागताच पृथ्वीचे क्षेत्र त्या दोरीला मागे ओढू लागते. अशी वीज दीर्घकाळ घेत राहिल्यास यानाची कक्षा हळूहळू खाली येत जाते. यानाला ती गती अग्निबाणाच्या इंधनाने दिलेली होती. म्हणजे दिवा लागला तो त्या इंधनाच्या जोरावरच लागला.

आता एकच शक्यता उरते. आपण काहीही हलविले नाही, परंतु पृथ्वीचे क्षेत्र स्वतःच कमीजास्त झाले तर काय होईल? तसे कधी कधी घडते, आणि त्याचा एक विलक्षण पुरावा मुंबईतही नोंदविला गेला आहे. इ. स. १८५९ च्या १ सप्टेंबर रोजी सूर्यावर एक प्रचंड उद्रेक झाला. त्यातून सुटलेले विद्युत्भारित कण दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर आदळले आणि तिचे चुंबकीय क्षेत्र हेलकावू लागले. मुंबईतील कुलाब्याच्या वेधशाळेत त्या दिवशी क्षेत्राचा क्षितिजसमांतर भाग सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे शेकडा चारांच्या आसपास, घसरल्याची नोंद आहे. त्याच वेळी अमेरिकेत बोस्टन आणि पोर्टलंड ह्या शहरांमधील तारायंत्राच्या लांबच लांब तारांत आपोआप प्रवाह वाहू लागला. तेथील तारमास्तरांनी विजेचे घट काढून ठेवले आणि सुमारे दोन तास केवळ त्या नैसर्गिक विजेवर एकमेकांना संदेश पाठविले. पृथ्वीच्या क्षेत्रातून फुकट मिळालेली वीज माणसाने कामी लावली, असे हे दुर्मिळ उदाहरण होय.

तथापि ती वीजही पृथ्वीच्या चुंबकाने दिलेली नव्हती. ती सूर्याची देणगी होती. पृथ्वीचे क्षेत्र केवळ निमित्त झाले. शिवाय ही देणगी केव्हा येईल, किती येईल आणि किती वेळ टिकेल, ह्याचा नेम नाही. इ. स. १९८९ च्या १३ मार्च रोजी असेच चुंबकीय वादळ झाले, तेव्हा कॅनडातील क्वेबेक प्रांतातील वीजपुरवठा सुमारे दीड मिनिटात कोलमडला आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. वादळात सापडलेल्या नावेला वाऱ्याचा भरवसा धरून चालत नाही. सूर्याची ऊर्जाच हवी असेल, तर घराच्या छपरावर सौरपट्ट्या बसवून ती सरळ त्याच्या उन्हातून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

पृथ्वीच्या क्षेत्रात मुळात ऊर्जा आहे तरी किती, ह्याचाही अंदाज घेण्यासारखा आहे. आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा वर्गात जेवढे चुंबकीय क्षेत्र मावते, त्यातील सारी ऊर्जा कशीबशी काढून घेता आली, तरी तिने शंभर ग्रॅमचा एक पेरू बाकावरून अर्धी वीतच वर उचलला जाईल. भूपृष्ठाच्या वर, अवकाशात दूरवर पसरलेल्या सबंध क्षेत्राची ऊर्जा एकत्र केली, तरी ती आजच्या जगाला साधारण अर्धा दिवसच पुरेल. हा साठा दिसतो तेवढा अपार नाही, आणि जो आहे तोही असा उपसून घेण्याचा उपाय नाही.

तो उपसता येत नाही, हे माणसाचे भाग्यच म्हटले पाहिजे. पृथ्वीभोवतालचे हे दुबळे वाटणारे क्षेत्र सूर्याकडून सतत येणाऱ्या विद्युत्भारित कणांना दूर वळविते आणि सजीवांच्या या घराभोवती ढालीसारखे उभे राहते. हजारो मैलांचा प्रवास करणारे कित्येक पक्षी आणि समुद्रकासवे दिशा जाणण्यासाठी त्याचा आधार घेतात. दर्यावर्दी लोकांनी कित्येक शतके त्याच्या भरवशावर महासागर ओलांडले. पृथ्वीचे क्षेत्र हे शक्तीचे कोठार नसून दिशा आणि वार्ता देणारा विश्वासू वाटाड्या आहे. वाटाड्याच्या खांद्यावर ओझे देऊ नये. त्याला रस्ता विचारावा.

हा रस्ता विचारण्याचे काम महाराष्ट्रातही दीर्घकाळ चालले आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहांमुळे कुलाब्यातील नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडतील हे ओळखून चुंबकीय वेधशाळा इ. स. १९०४ मध्ये अलिबाग येथे नेण्यात आली. पृथ्वीच्या चुंबकत्वातील बारीकसारीक बदल तेथे नोंदविले जातात आणि दीडशेहून अधिक वर्षांची ही नोंदवही जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडते.

आणि फॅरडेच्या फसलेल्या प्रयोगाचे काय झाले? समुद्रातील प्रवाहामुळे पाण्यात सूक्ष्म विद्युद्दाब निर्माण झालाच पाहिजे, हे त्याचे म्हणणे पुढे खरे ठरले. अमेरिकेतील फ्लॉरिडा आणि बहामा बेटे ह्यांच्या दरम्यान समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेतील दाब मोजून, इ. स. १९८२ पासून अनेक वर्षे, तेथून दररोज किती पाणी वाहते ह्याचा हिशेब ठेवला गेला. ज्या विजेवर एक दिवा लागला नसता, तिने एका महान सागरप्रवाहाची नाडी दाखवून दिली. फॅरडेने वॉटर्लूच्या पुलावरील अपयश लपवून ठेवले असते किंवा त्याला यशाचा मुलामा दिला असता, तर पुढच्यांना त्याच्या खऱ्या तत्त्वावरही विश्वास ठेवणे कठीण गेले असते.

ह्यापुढे कोणी पृथ्वीच्या चुंबकावर फुकट चालणारे यंत्र दाखविले, तर त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. ह्या यंत्रातून जी ऊर्जा बाहेर येते, ती आत कोठून जाते? तिच्यामुळे कोणती गोष्ट मंदावते, निवते, खाली येते किंवा कमी होते? आणि आत गेलेली व बाहेर आलेली ऊर्जा नीट मोजून पाहिली आहे काय? वाहते पाणी, वारा आणि ऊन ह्यांच्यापासून मिळणारी वीज ह्या तिन्ही प्रश्नांना उत्तर देते. कारण पाणी उतरते, वारा मंदावतो आणि सौरपट्टीवर पडलेले ऊन शोषले जाते. ज्या यंत्राच्या मालकापाशी ही उत्तरे नसतात, तेथे पैशाची पिशवी उघडण्याआधी दहा वेळा विचार करावा.

तळहातावरील होकायंत्राची सुई ह्या साऱ्या गोष्टींत कोठेही बदललेली नाही. ती अजूनही चार झोके घेते आणि स्थिर होते. ते झोके बोटाने डबीला दिलेल्या हिसक्याचे असतात. ते संपले की सुई दिशा दाखविते आणि स्वस्थ राहते. ज्याला तिच्याकडून दिवा हवा असेल तो निराश होईल. ज्याला वाट हवी असेल त्याला ती कधीही रिकाम्या हाताने परत पाठविणार नाही.